नव्या स्कॅनचा रिपोर्ट हातात आल्यावर

प्रश्न : माझा प्रोस्टेटचा कॅन्सर हाडांत पसरला आहे. नव्या गोळ्या सुरू करून अडीच महिने झाले. पीएसए (रक्तातलं प्रोस्टेटचं प्रथिन, त्यावरून आजाराचा अंदाज घेतात) निम्म्यावर आला, पण बोन स्कॅनमध्ये दोन नवे डाग दिसले. औषध लागू पडत नाही का?

इतक्यात तसं समजू नका. बोन स्कॅनमध्ये कॅन्सरच्या पेशी थेट दिसत नाहीत. हाड जिथे नव्याने घडत असतं तिथे किरणोत्सारी द्रव्य साठतं आणि तो भाग गडद दिसतो. औषधाने हाड भरून येऊ लागलं तरीही हेच घडतं. मग आधी न दिसलेली जागाही डाग म्हणून पुढे येते. डॉक्टर याला ‘फ्लेअर’ म्हणतात. उपचारांच्या पहिल्या 12 आठवड्यांत तो दिसू शकतो. म्हणूनच औषधांच्या चाचण्यांमध्ये पहिल्या स्कॅनमधले नवे डाग लगेच धरत नाहीत; पुढच्या स्कॅनमध्ये आणखी किमान 2 वाढले, तरच आजार वाढला असं मानतात.

तुमचा पीएसए उतरला आहे. दुखणंही वाढलेलं नसेल, तर ‘हा फ्लेअर असू शकतो का? पुढचा स्कॅन कधी करायचा?’ हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा. काम करणारं औषध घाबरून सोडलं जाऊ नये, असं मला फार वाटतं. या टप्प्यावर हाताशी असलेली औषधं मोजकीच असतात.

प्रश्न : बाबांचा आधी बोन स्कॅन झाला होता, या वेळी पीएसएमए पेट स्कॅन. चार नव्या जागा निघाल्या. इतक्या झपाट्याने वाढला?

तसं असेलच असं नाही. बोन स्कॅन फक्त हाडं दाखवतो. पीएसएमए पेट कॅन्सरच्या पेशींवरचं एक प्रथिन शोधतो, त्यामुळे लिम्फ नोडमधला (लसीका गाठींमधला) छोटा आजारही त्यात दिसतो. या जागा आधीपासूनच असू शकतात. तुलना शक्यतो एकाच प्रकारच्या दोन स्कॅनची करावी. जुन्या स्कॅनची सीडी सोबत न्या, नुसता कागद पुरत नाही.

प्रश्न : हार्मोनच्या इंजेक्शनला आजार दाद देत नाही म्हणतात, तरी इंजेक्शन चालूच ठेवायला सांगितलंय. कशाला?

ते थांबवलं तर टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन पुन्हा वाढू शकतं आणि कॅन्सरला खतपाणी मिळतं. त्यामुळे इंजेक्शन चालू ठेवून वर दुसरं औषध जोडतात. बीआरसीए (डीएनएची दुरुस्ती करणाऱ्या) जनुकांची तपासणी झाली नसेल तर जरूर विचारा. दोष सापडला तर ओलापॅरिबसारख्या गोळ्यांचा मार्ग खुला होऊ शकतो. हा दोष जन्मजात असेल तर तुमच्या मुलामुलींनाही ते कळायला हवं.

प्रश्न : ह्यांना रिपोर्ट ऐकायचाच नसतो. तो माझ्या मोबाइलवर आधी येतो. लपवू का?

खोटं बोलू नका, पण त्यांनी विचारल्याशिवाय सांगूही नका. ‘तुम्हाला किती कळायला हवं? बाकीचं मी ऐकू का?’ हे पुढच्या स्कॅनच्या आधीच विचारून ठेवा. रिपोर्ट आल्यावर विचारलं तर तुमच्या चेहऱ्यावरूनच ते ओळखतील. आणि तुम्ही एकट्याने तो वाचू नका. रिपोर्ट लिहिणाऱ्याला पीएसए किती आणि रुग्ण कसा आहे हे अनेकदा माहीतच नसतं. भेटीच्या दिवशी डॉक्टरांसोबत तो उघडला तरी चालतो.

प्रश्न : मणक्यात आजार आहे. पाठ दुखली की दर वेळी दवाखाना गाठायचा का?

नेहमीचं दुखणं पुढच्या भेटीत सांगा. पण नवी, जोराची, आडवं झाल्यावर किंवा खोकल्यावर वाढणारी पाठदुखी, पायांत अशक्तपणा किंवा बधिरपणा, लघवी-शौचावरचा ताबा जाणं, यातलं काहीही झालं तर मज्जारज्जूवर दाब आलेला असू शकतो. त्याच दिवशी, रात्र असली तरी, तातडीच्या विभागात जा. पाय गळण्याआधी उपचार मिळाले तर चालणं टिकण्याची शक्यता खूप जास्त असते.