मॉरिशसला 'छोटा भारत' म्हणणं बरोबर आहे का? तिथले मूळ लोक कोण आणि मराठी माणसं तिथे कशी पोचली?

मूळ लोक कुणीच नाहीत. डच 1598 साली तिथे उतरले तेव्हा त्या बेटावर माणूसच नव्हता. आज तिथे राहणाऱ्या प्रत्येकाचे पूर्वज जहाजातून आले, कुणी मालक म्हणून, कुणी मजूर म्हणून, तर कुणी साखळदंडात. 'छोटा भारत' म्हटलं की हे साखळदंडातले लोक गोष्टीतून गळतात, म्हणून मला ते नाव पटत नाही.

डचांनी ऊस आणला, डोडो पक्षी त्यांच्याच काळात संपला, आणि 1710 मध्ये ते बेट सोडून गेले. 1715 मध्ये फ्रेंचांनी ताबा घेतला. पोर्ट लुई बंदर, रस्ते, उसाचे मळे हे सगळं मादागास्कर आणि मोझांबिकहून धरून आणलेल्या गुलामांच्या श्रमातून उभं राहिलं. काही गुलाम दक्षिण भारतातूनही नेले होते, हे आपल्याकडे फारसं सांगितलं जात नाही. पळालेले गुलाम नैऋत्येच्या ल मॉर्न डोंगरात लपत. आज तो डोंगर जागतिक वारसा स्थळ आहे.

1810 मध्ये इंग्रजांनी बेट जिंकलं, पण फ्रेंच मळेवाल्यांची मालमत्ता, कायदे, भाषा तशीच राहू दिली. गुलामगिरी 1835 मध्ये संपली तेव्हा नुकसानभरपाई मिळाली ती मालकांना, सुमारे 20 लाख पौंड. गुलामांना एक पैसा नाही, जमीन नाही. हा अन्याय त्या देशाच्या इतिहासाच्या मधोमध आहे आणि मला तो वाचताना आजही संताप येतो.

मग मळ्यांवर राबणार कोण? गुलामगिरी संपणार हे आधीच दिसत होतं, म्हणून 2 नोव्हेंबर 1834 रोजीच 'अॅटलस' जहाजातून कलकत्त्याहून 36 करारबद्ध मजूर आले. पुढे 1920 पर्यंत जवळपास 5 लाख भारतीय पोर्ट लुईला उतरले. काहींना तिथून पुढे दुसऱ्या वसाहतींत पाठवलं. कलकत्त्याहून मुख्यतः भोजपुरी बोलणारे, मद्रासहून तमिळ आणि तेलुगू, मुंबईहून मराठी. करार पाच वर्षांचा असे. एक दिवस खाडा झाला की दोन दिवसांची मजुरी कापत, त्यामुळे आजारी माणसाचं देणं वाढतच जाई.

मराठी माणसं गेली ती बहुतेक कोकणातून. माझं आजोळ रत्नागिरीकडचं, त्यामुळे हा भाग मी जिव्हाळ्याने वाचत आलोय. कारकून नोंदवहीत मजुराचं नाव लिहून घेई आणि बापाचं ते नाव पुढच्या पिढ्यांचं आडनाव होऊन बसे. या नोंदी मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये जपल्या आहेत. कास्काव्हेल भागात मराठी वस्ती आहे, गणपतीत 'झाकरी' नाचतात (आपल्या जाखडीचंच रूप), आणि गणेश चतुर्थीला देशभर सरकारी सुट्टी असते. घरात मात्र बहुतेक जण क्रिओल ही फ्रेंचवर बेतलेली मिश्र भाषा बोलतात. त्याबद्दल हळहळणारे आपले लोक मला खटकतात. ती भाषा गुलामांनी घडवली आणि आज सगळ्या बेटाला तीच जोडते.

शिवाय तिथले 'भारतीय' म्हणजे एकच समाज नव्हे. तिथे 'हिंदू' म्हटलं की बरेचदा फक्त हिंदी-भोजपुरी परंपरेचे लोक अभिप्रेत असतात. तमिळ, तेलुगू, मराठी स्वतःला वेगळे मोजतात. 1998 मध्ये नव्या नोटांवर तमिळच्या आधी हिंदी छापली, तर इतका गदारोळ झाला की त्या नोटा मागे घ्याव्या लागल्या.

राज्यघटनेने निवडणुकीसाठी चार गट केले: हिंदू, मुस्लिम, चिनी वंशाचे, आणि उरलेले सगळे 'जनरल पॉप्युलेशन'. गुलामांचे वंशज आणि मळेमालकांचे वंशज एकाच रकान्यात! 1967 च्या निवडणुकीत सुमारे 44 टक्के मतं स्वातंत्र्याला विरोध करणाऱ्या पक्षाला पडली, कारण क्रिओल समाजाला (म्हणजे मुख्यतः गुलामांच्या वंशजांना) आणि इतर अल्पसंख्याकांना हिंदू बहुमताची भीती वाटत होती. 12 मार्च 1968 ला देश स्वतंत्र झाला. तारीख दांडीयात्रेच्या दिवसाची निवडली होती.

त्याआधीच, 1965 मध्ये, इंग्रजांनी चागोस बेटं मॉरिशसपासून तोडली होती. त्यांतल्या दिएगो गार्सिया बेटावर अमेरिकेचा लष्करी तळ व्हावा म्हणून 1973 पर्यंत तिथल्या दीड-दोन हजार रहिवाशांना, म्हणजे बहुतेक गुलामांच्याच वंशजांना, घरदार सोडायला लावून मॉरिशस आणि सेशेल्सला आणून टाकलं. 2019 मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने ही तोडणी बेकायदेशीर असल्याचं मत दिलं. तेव्हा हाकललेल्यांपैकी अनेक जण गावी परतण्याची वाट पाहतच वारले.