देवीची कंपनी झाली का? : वाचकांचे प्रश्न, देवस्थानांचे हिशेब

प्रश्न : मी मूळचा गुहागर तालुक्यातला, नोकरीला मुंबईत, एका खासगी कंपनीच्या खरेदी विभागात. यंदा शिमग्यात गावाने मला ग्रामदेवीच्या देवस्थानाचा विश्वस्त केलं. पहिल्या सभेला गेलो तर अध्यक्ष, खजिनदार, मागच्या सभेचं इतिवृत्त, कोरम, सूचक, अनुमोदक. ऑफिसात बसल्यासारखं वाटलं. सभा संपल्यावर आमचे एक वयस्कर मानकरी म्हणाले, "देवीची कंपनी करून टाकलीत रे पोरांनो." ते मनाला लागलं. ताई, तुम्ही देवस्थानांचे हिशेब तपासता. देवस्थान आणि कंपनी यांत खरंच काही फरक उरलाय का?

उत्तर : मी 28 वर्षं रत्नागिरीत सनदी लेखापाल म्हणून काम करते आहे. दापोलीपासून राजापूरपर्यंतच्या बऱ्याच देवस्थानांच्या वह्या माझ्या हातून गेल्या. तुमच्या मानकऱ्यांचं दुखणं मला कळतं, पण निदान मला थोडं वेगळं वाटतं.

रचना काही कंपनीकडून आलेली नाही. गावऱ्हाटीत, म्हणजे गावच्या देवकार्याच्या परंपरागत व्यवस्थेत, ती आधीपासून होतीच. पूजा गुरवाची, गाऱ्हाणं कुणी घालायचं ते ठरलेलं, पालखीला खांदा कुणाचा, अबदागीर कुणाकडे, सहाणेवर (पालखी बसते त्या चौथऱ्यावर) नारळ पहिला कुणाला, पालखी पहिल्या दिवशी कुठल्या वाडीत. प्रत्येकाला काम आणि प्रत्येक कामाला मान. फक्त ही पदं अर्ज करून मिळत नसत, जन्माने मिळत. त्यावर 1950 साली सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेचा कायदा आला आणि धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी, परिशिष्ट एकवर, म्हणजे तिथल्या अधिकृत नोंदीत, विश्वस्तांची नावं, 31 मार्चचा ताळेबंद, लेखापरीक्षण हे सगळं आलं. तुम्ही सभेत पाहिलंत ते या दोन्हींचं मिश्रण आहे. गोव्यात हेच आणखी ठळक दिसतं. तिथे 1933च्या पोर्तुगीज काळातल्या नियमावलीप्रमाणे देवळाच्या महाजनांची, म्हणजे देवळावर हक्क असलेल्या घराण्यांतल्या सभासदांची, यादी असते, महाजन समिती निवडतात आणि मामलेदार देखरेख करतो. भागधारकांची नोंदवही आठवावी अशी ती यादी.

पण खरं साम्य याहून खोल आहे, आणि मला ते फार मोलाचं वाटतं. कंपनी ही तिच्या मालकांहून वेगळी 'व्यक्ती' आहे, हे इंग्लंडच्या हाऊस ऑफ लॉर्ड्सने 1896 साली सॉलोमन खटल्यात पक्कं केलं. आपल्याकडे देवाची मूर्ती ही कायद्याने व्यक्ती आहे, तिच्या नावावर मिळकत राहते, तिच्या नावाने दावा लावता येतो, हे प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे ब्रिटिश काळातल्या सर्वांत वरच्या अपील न्यायालयाने, 1925 च्या मल्लिक खटल्यात स्पष्ट सांगितलं. दोघांनाही सही करायला हात नाही, म्हणून माणसं नेमावी लागतात. माणसं मरतात, संस्था राहते. फरक एवढाच, की न्यायालयं देवाला अज्ञान, म्हणजे वयात न आलेल्या, मुलासारखं मानतात. त्याचं हित जपणारे आपण पालक. 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मध्य प्रदेशातल्या एका प्रकरणात पुन्हा सांगितलं, की देवाच्या जमिनीचा मालक देव, पुजारी नव्हे. विश्वस्त झालात म्हणजे तुम्ही संचालक झालात असं समजू नका. अनाथ मुलाची इस्टेट सांभाळायला बसलात असं समजा. मी नव्या विश्वस्तांना पहिल्या भेटीत हेच सांगते आणि तेवढ्यापुरती खोली शांत होते.

मुंबई मंडळ आणि ग्रामीण मंडळ हा आपल्याकडचा आणखी एक कंपनीसारखा प्रकार. पैसा मुंबईतून, मेहनत गावातून, आणि दोघांना वाटतं की निर्णय आपला. त्यावर इथे लिहीत बसत नाही. तुम्ही चाकरमानी आहात, तुम्हाला ठाऊक आहे.

आता फरकाचं. एका किनाऱ्यावरच्या गावात देवीच्या नावावर समुद्राकडे उतरणारा जमिनीचा तुकडा होता. बाहेरच्या एकाने तो हॉटेलसाठी 30 वर्षांच्या भाडेपट्ट्याने मागितला. रक्कम एवढी होती की सभामंडप नवा झाला असता. विश्वस्तांमधले दोघे तिघे कंपन्यांत मोठ्या हुद्द्यावरचे. त्यांनी आकडेमोड करून सगळ्यांना पटवलं. बिनशेती जमीन तीन वर्षांहून आणि शेतजमीन दहा वर्षांहून जास्त मुदतीने द्यायची, किंवा विकायची, तर धर्मादाय आयुक्तांची आधी परवानगी लागते (कलम 36), हे मी सांगितलं तेव्हा त्यांना तो सरकारी खोडा वाटला. मला तो खोडा वाटत नाही. कंपनीने जमीन विकली तर फायदा-तोटा भागधारकांचा. इथे जी मुलगी पन्नास वर्षांनी त्या देवळात ओटी भरायला येणार आहे, तिला आज सभेत मत नाही. तिच्या वतीने कुणीतरी विचारायला हवंच. कंपनी गुंडाळली की देणी भागवून उरलेलं भागधारकांत वाटतात. देवस्थानाचं उरलेलं कुणालाच वाटता येत नाही; उद्देशच उरला नाही तर न्यायालय ते पैसे जवळच्या दुसऱ्या धर्मादाय कामाकडे वळवतं. देवीच्या फंडात लाभांश नाही. तुमच्या मानकऱ्यांना हे जरूर सांगा.

मग मला काळजी कशाची वाटते? आपण कंपनीतून खुर्च्या उचलल्या, उत्तर देणं उचललं नाही. कंपनीत एकच शेअर असलेल्या माणसालाही वार्षिक सभेची 21 दिवस आधी नोटीस जाते आणि ताळेबंद मिळतो. आमच्याकडे दर वर्षी न चुकता घरवर्गणी देणाऱ्या, काजूच्या बिया विकून पालखीपुढे पन्नास रुपये ठेवणाऱ्या बाईला खर्च काय झाला ते कुणी वाचून दाखवत नाही. गावकीच्या सभेत ती कडेला, खांबाआड बसते. मीसुद्धा हिशेब घेऊन गेले तेव्हा अनेक ठिकाणी मला तिथेच बसायला जागा दिली गेली. मला याचा राग येतो आणि तो मी लपवत नाही. गावाच्या वार्षिक सभेचं काय, ते तुमच्या देवस्थानाच्या योजनेत (कारभाराच्या मंजूर नियमांत) किंवा घटनेत काय लिहिलंय त्यावर अवलंबून असतं. लिहिलेलं नसेल तरी हिशेब वाचायला कुठला कायदा आड येत नाही. शिमग्यात सगळा गाव सहाणेवर असतो. पालखी बसली की जमा किती, खर्च किती, बँकेत किती, पेटी कुणाच्या समक्ष उघडली हे मोठ्याने वाचा आणि तोच कागद देवळाच्या भिंतीला लावा.

आणि कंपनीतलं एक आणू नका. जास्त देणाऱ्याला जास्त हक्क, हे शेअरच्या हिशेबात योग्य आहे. एका गावात एकाने गाभाऱ्यावर नवं छप्पर घालून द्यायची तयारी दाखवली, अट एवढीच, की पालखी पहिल्यांदा त्याच्या अंगणात यावी. खजिनदार हो म्हणायच्या बेतात होता. ज्या म्हातारबांना सगळे अडगळ समजत, ते उठले आणि म्हणाले, छप्पर पत्र्याचं राहू दे. चार वर्षांनी वर्गणीतून कौलं चढली. त्या वर्षीची पावतीपुस्तकं मी तपासली. बहुतेक पावत्या शंभर-दोनशेच्या होत्या.

प्रश्न : आम्ही सावंतवाडीजवळचे कॅथलिक. आमच्या चर्चचीही उतरंड कंपनीसारखीच दिसते: पोप, बिशप, फादर. तिथे हिशेबाला काही नियम आहेत का?

उत्तर : आहेत, आणि चांगले आहेत. तुमचा सिंधुदुर्ग धर्मप्रांत 2005 साली पुण्यापासून वेगळा झाला, त्यामुळे बिशप तुमच्या जवळच, सावंतवाडीत. नेमणूक वरून होते, त्या अर्थी उतरंड कंपनीपेक्षाही सरळ आहे. पण 1983च्या चर्चच्या कायदेसंहितेने प्रत्येक धर्मप्रांताला आणि प्रत्येक पॅरिशला (एका चर्चच्या हद्दीतल्या भाविक समुदायाला) आर्थिक समिती सक्तीची केली. धर्मप्रांताच्या समितीत पैशाचं आणि कायद्याचं जाणणारे किमान तीन जण हवेत, आणि बिशपचे चौथ्या पायरीपर्यंतचे नातेवाईक तिथे चालत नाहीत. हा नियम मी आमच्या गावोगावच्या देवस्थानांना वाचून दाखवते. बिशपने 75व्या वर्षी राजीनामा सादर करायचा असतो, हेही. तुमच्या पॅरिशची समिती कोण आहे ते फादरना जरूर विचारा.

प्रश्न : माझे वडील देवस्थानाचे विश्वस्त होते, दोन महिन्यांपूर्वी वारले. घराण्याचा मान आमच्याकडे आहे. आता माझं नाव आपोआप लागतं का? (एक वाचक, राजापूर तालुका)

उत्तर : वडिलांच्या जाण्याचं वाईट वाटलं. पालखीचा मान आणि विश्वस्तपद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मान परंपरेने तुमच्याकडे राहील. विश्वस्त कसा नेमायचा ते तुमच्या योजनेत लिहिलेलं असतं, तसंच व्हावं लागतं. वारसाने नेमणूक असं तिथे असलं तरी नोंद आपोआप होत नाही. बदल झाल्यापासून 90 दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यायचा असतो, म्हणजे तुमच्या हातात जेमतेम महिना आहे.

टाळू नका. एका देवस्थानात परिशिष्ट एकवरचे पाचही विश्वस्त वारलेले होते, शेवटचे वारूनही बरीच वर्षं झाली होती, आणि गाव आपलं सुखाने कारभार चालवत होता. वादळात देवळाचं छप्पर गेलं तेव्हा बँकेत पैसे होते, पण काढायला कायद्याने कुणीच जिवंत नव्हतं. पावसाळा तोंडावर, मूर्तीवर ताडपत्री, आणि आम्ही पाच मृत्यूचे दाखले गोळा करत फिरत होतो.

तेव्हा सभा लावा. वडिलांच्या मृत्यूचा दाखला, सभेच्या नोटिशीची प्रत, ठरावाची प्रत आणि तुमचं संमतिपत्र अर्जाला जोडा. सह्या सभेतच घ्या. मुंबईची मंडळी दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने निघालेली असतात.