अब्राहाम मालिदा खायचा का?

सोन्या,

परवा झोपताना विचारलंस ना, आई, अब्राहाम अविनू मालिदा खायचा का, आणि नसेल खात तर आपणच का करतो, वर्गात दुसऱ्या कुणाच्याच घरी नसतो. मी ड्युटीला निघाले होते म्हणून राहिलं, आता नाईटला बसून लिहितेय, आजी वाचून दाखवेल.

मालिदा म्हणजे आपले गोड पोहे, आणि पोहे त्याने बघितलेही नसतील रे. अविनू म्हणजे आपला बाप, आपल्या ज्यू लोकांचा मूळपुरुष. तो ऊरचा, म्हणजे आताच्या इराकमधला. बापाबरोबर हारानला आला आणि 75 वर्षांचा असताना देव म्हणाला, देश सोड, बापाचं घर सोड, मी दाखवीन तिकडे जा. निघाला बायकोला, साराला घेऊन! एका देवाला धरून राहणारा तो पहिला, म्हणून आपला धर्म त्याच्यापासून मोजतात. इतिहासकारांना तोराच्या, म्हणजे आपल्या धर्मग्रंथाच्या, बाहेर त्याचा पुरावा मिळालेला नाही, हेही माहीत असू दे. पण इस्राएलमधल्या आपल्या बेर शेवाचं नाव त्याच्याच विहिरीवरून पडलं, राजाच्या माणसांनी बळकावली तेव्हा त्याने सात कोकरं देऊन शपथेवर सांगितलं, ही मी खणलीय.

आपण बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू. आपले पूर्वज अलिबागजवळ नवगावला जहाज फुटून किनाऱ्याला लागले, सात बाया सात पुरुष, असं आजीची आजी सांगायची. पोथ्या सगळ्या समुद्रात गेल्या. तरी शनिवारी घाणा बंद, म्हणून गाववाले शनवार तेली म्हणायचे, आणि मुलगा आठ दिवसांचा झाला की सुंता, ती तर अब्राहामचीच खूण, मुलाची, इसहाकची, त्याने आठव्या दिवशीच केली होती. भाषा मात्र गावाची घेतली, आपण घरी बोलतो ती.

आता मालिदा. आजी पोहे धुऊन निथळत ठेवते, मग खवलेलं ओलं खोबरं, साखर, वेलची, बदाम, हाताने हलकं कालवते, चमचा लावू देत नाही, वर फळं मांडते. एलियाहू हन्नाबी, म्हणजे एलिया संदेष्ट्याचं गाणं, गाऊन झालं की आजोबा जे म्हणतात ना, "देव तुला आकाशातलं दव देवो, भरपूर धान्य देवो", तो इसहाकने याकोबाला दिलेला आशीर्वाद, म्हणजे अब्राहामच्या मुलाने नातवाला. आणि कोकणात धान्य म्हणजे भात, त्याचेच पोहे, मला तरी ताटात ते असेच आले वाटतं.

मंगळवारी करतोय आपण. वर्गातल्या त्या मित्राला बोलाव, भर दुपारी तीन अनोळखी माणसं दिसली तर अब्राहाम तंबूतून धावत गेला होता त्यांना जेवायला बोलवायला. बदाम सोलायचं काम तुम्हा दोघांचं.

तुझी आई