सोमवारच्या त्या फोनचं रेकॉर्डिंग मागा

शुक्रवारी संध्याकाळी फोन आला, ‘बँकेच्या कार्ड विभागातून बोलतोय.’ समोरच्याला नाव, जन्मतारीख, कार्डाचे शेवटचे चार आकडे, सगळं माहीत. केवायसी संपली आहे, रात्री खातं गोठेल, असं सांगून त्याने मोबाइलमध्ये एक अ‍ॅप टाकायला लावलं. अर्ध्या तासात तीन व्यवहारांत १,४६,००० रुपये गेले. मंगळवारी आणखी ४०,००० गेले. बँक म्हणते, चूक तुमची. फोन करणाऱ्यावर कुठला गुन्हा लागतो आणि पैसे मिळतील का, असं या वाचकाने विचारलं आहे. तपशील थोडाफार बदलून हेच पत्र मला सारखं येतं.

गुन्ह्याचं आधी उरकतो. फसवणूक आणि तोतयेगिरी यांसाठी भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ व ३१९ आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६सी व ६६डी लागू शकतात. पोलिसांना तो माणूस सापडेल का, हे मी सांगू शकत नाही. तुमचे पैसे त्याच्यापेक्षा बँकेकडून परत येण्याची शक्यता जास्त आहे, आणि तो निकाल मुख्यतः एका गोष्टीवर लागेल: तुम्ही बँकेला कधी कळवलं.

रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक असं सांगतं. दोष बँकेचा नाही, ग्राहकाचाही नाही, आणि व्यवहाराचा संदेश आल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत कळवलं, तर ग्राहकावर काहीच बोजा नाही. चार ते सात दिवसांत कळवलं, तर साध्या बचत खात्यावर प्रत्येक व्यवहारामागे जास्तीत जास्त १०,००० रुपये. त्यानंतर बँकेचं स्वतःचं धोरण काय म्हणतं ते. संदेश आला तो दिवस मोजायचा नाही. तुमचा दुसरा शनिवार आणि रविवारही वगळा. म्हणजे सोमवार हा पहिला दिवस.

तुमचा लेखी अर्ज मात्र पुढच्या शुक्रवारचा आहे, म्हणजे पाचवा दिवस. सोमवारी शाखेत गेलात, साहेबांनी ‘पोलिसांची तक्रार घेऊन या’ म्हटलं आणि तुम्ही हात हलवत परत आलात. पोच नाही, तक्रार क्रमांक नाही. कागद न देता बँकेतून बाहेर पडू नका, हे किती वेळा लिहायचं! त्याआधीचे दोन दिवस तर ‘चोवीस तासांत पैसे उलटे येतील’ या त्याच चोराच्या शब्दावर घालवलेत. सायबर फसवणूक कळवण्याचा १९३० हा सरकारी क्रमांक शनिवार-रविवारीही चालतो. तिथे लगेच कळवलं, तर पैसे पुढच्या खात्यात असतानाच अडकवता येतात. तुम्ही गुरुवारी फोन केलात, तोवर ते किती हात पुढे गेले असतील कोण जाणे.

पण तुमच्या पत्राच्या शेवटी अर्धी ओळ आहे: ‘सोमवारी सकाळी टोल फ्रीवर फोन करून कार्ड बंद करून घेतलं.’ तुमचा सगळा दावा या अर्ध्या ओळीत आहे. त्या फोनवर ‘माझे पैसे गेलेत, हे व्यवहार मी केले नाहीत’ असं बोलला असाल, तर तुम्ही पहिल्याच दिवशी कळवलंत. शाखेतला कागद नंतरचा असला तरी बिघडत नाही.

याचा दुसरा परिणाम आणखी मोठा आहे. निष्काळजीपणा तुमचाच ठरला, तरी कळवण्यापूर्वीचंच नुकसान तुमचं; कळवल्यानंतरचं बँकेचं, असं तेच परिपत्रक म्हणतं. मंगळवारचे ४०,००० यूपीआयने गेले, कारण फोनवर फक्त कार्ड बंद झालं, खातं उघडंच राहिलं. या रकमेची वेगळी, स्वतंत्र मागणी करा.

शुक्रवारच्या १,४६,००० बद्दल मी छातीठोकपणे बोलणार नाही. अ‍ॅप टाकलं हे लपवू नका. अशा अ‍ॅपमधून समोरच्याला तुमचा स्क्रीन दिसतो, ओटीपी सांगावाच लागत नाही. हा निष्काळजीपणा आहे की फसवणूक, यावर बँक भांडेल. मात्र ग्राहकाची जबाबदारी सिद्ध करण्याचं ओझं बँकेवर आहे. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ९४,२०४ रुपयांच्या अशाच एका प्रकरणात स्टेट बँकेची याचिका फेटाळली. तिथेही ग्राहकाने फोनवरच्या माणसाच्या सांगण्यावरून अ‍ॅप टाकलं होतं. पण त्याने चोवीस तासांत कळवलं होतं.

पुढच्या वेळी ओळखायचं कसं, असंही विचारलं आहे. चार आकडे आणि जन्मतारीख माहीत असणं ही ओळख नव्हे; अशी माहिती बाजारात विकली जाते. तो तुम्हाला फोन ठेवू देत नव्हता, हीच खूण होती. फोन ठेवा आणि कार्डाच्या मागे छापलेल्या क्रमांकावर स्वतः लावा. इंटरनेटवर शोधून मिळालेल्या क्रमांकावर नाही.

उद्या सकाळी आधी ते अ‍ॅप काढून टाका आणि पासवर्ड दुसऱ्या मोबाइलवरून बदला. मग तुमच्या मोबाइल कंपनीकडून सोमवारच्या कॉलचा तपशील काढा. त्यातली वेळ आणि किती मिनिटं बोललात हे लिहून बँकेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल करा, प्रत शाखेत देऊन शिक्का घ्या. ‘त्या कॉलचं रेकॉर्डिंग जपून ठेवा आणि त्या कॉलच्या नोंदीचा सेवा क्रमांक मला द्या’, अशी मागणी बँकेकडे पहिल्याच वाक्यात करा. अशी रेकॉर्डिंग कायम ठेवली जात नाहीत. कळवल्यापासून दहा कामकाजाच्या दिवसांत रक्कम तात्पुरती जमा करण्याचा आणि नव्वद दिवसांत तक्रार निकाली काढण्याचा नियमही त्यात नमूद करा. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा नकार आला, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा; तिथे वकील लागत नाही. दिवाणी कोर्टात दावा लावण्याची घाई मात्र करू नका. तिथे पहिली दोन वर्षं तारखांतच जातील आणि तोवर ते रेकॉर्डिंग पुसलेलं असेल.