लसीची सक्ती आणि शरीरावरचा हक्क : वाचकांचे प्रश्न

प्रश्न (सातपूर, कारखान्यातील कामगार) : करोनाच्या काळात लस घेतली नाही म्हणून मला तीन आठवडे कामावर घेतले नाही. माझ्या शरीरात काय टोचायचे हे मीच ठरवायला नको का?

उत्तर : तो निर्णय तुमचाच आहे. बालरोगतज्ज्ञ जेकब पुलियल यांनी करोना लसीच्या सक्तीविरुद्ध केलेल्या याचिकेवर २ मे २०२२ रोजी निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की शरीराची अखंडता राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मध्ये येते आणि कोणालाही लस घेण्यास भाग पाडता येणार नाही. मात्र कायद्याचा आधार, रास्त हेतू आणि प्रमाणबद्धता असेल, तर सार्वजनिक आरोग्यासाठी शासन व्यक्तीच्या हक्कांवर मर्यादा घालू शकते, हेही त्याच निकालात आहे. लस न घेतलेल्यांकडून लस घेतलेल्यांपेक्षा अधिक संसर्ग पसरतो, असे दाखवणारी माहिती न्यायालयापुढे आली नव्हती. म्हणून रुग्णसंख्या कमी असेपर्यंत असे निर्बंध मागे घ्यावेत, अशी सूचना न्यायालयाने केली आणि ती खासगी आस्थापनांनाही होती. हातावर पोट असलेल्या माणसाचा रोज बुडवणारी अट कागदावर ‘अट’ असली, तरी त्याच्यासाठी ती सक्तीच असते, असे माझे ठाम मत आहे.

प्रश्न (मखमलाबाद, पालक) : मग शाळाप्रवेशासाठी लसी बंधनकारक करणेही चूकच का?

उत्तर : सगळ्या लसी एका मापाने मोजू नयेत. धनुर्वात जखमेतून होतो, एकाचा दुसऱ्याला होत नाही. ती लस नाकारणारा प्रामुख्याने स्वतःचा धोका पत्करतो. गोवराचे तसे नाही. प्रतिकारशक्ती नसलेल्या वस्तीत गोवराचा एक रुग्ण १२ ते १८ जणांना बाधित करू शकतो, आणि साथ रोखायची तर सुमारे ९५ टक्के लोक सुरक्षित असावे लागतात. पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावरच मिळत असल्याने त्याहून लहान बाळ शेजारच्यांच्या लसीकरणावर विसंबून असते. २०२२ च्या अखेरीस मालेगावात गोवराची साथ आली, ती आपल्याच नाशिक जिल्ह्यात. गोवराच्या बाबतीत समाजाचा दावा बळकट आहे, हे मी निःसंकोच मान्य करते.

तरीही शाळेचे दार बंद करण्याच्या मी विरोधात आहे, कारण त्या दारात अडकणारे मूल बहुधा लसविरोधी घरातले नसते. निफाडजवळच्या एका द्राक्षबागेत छाटणीसाठी सुरगाण्याहून आलेल्या एका बाईने प्लास्टिकच्या पिशवीतून लसीकरणाचे कार्ड काढून माझ्या हाती दिले होते. घडीवर फाटलेले, शाई पसरलेली, आणि नऊ महिन्यांचा रकाना कोरा. गावात लसीकरणाचे सत्र होते, त्याच्या चार दिवस आधी कुटुंब कामासाठी खाली उतरले होते. तिने लस नाकारली नव्हती, तिच्यापर्यंत कोणी पोहोचलेच नव्हते. अशा कुटुंबांसाठी सत्र बागेत न्यावे लागते.

प्रश्न (पंचवटी) : सिंहस्थासाठी येणाऱ्या प्रत्येकाला लस सक्तीची करावी का?

उत्तर : नाही. रामकुंडावर लोटणाऱ्या गर्दीतल्या प्रत्येकाचे प्रमाणपत्र तपासणे अशक्य आहे आणि अशा गर्दीत पाण्यातून पसरणाऱ्या आजारांना क्लोरिनयुक्त पाणी व पुरेशी शौचालये अधिक आवरतात. शिवाय १८९७ च्या प्लेगमध्ये पुण्यात सैनिक घरात घुसून तपासण्या करू लागले, तेव्हा लोक रुग्ण लपवू लागले. भीतीने लपवलेला रुग्ण साथीला हातभारच लावतो.

प्रश्न (सिडको) : लस देताना सिस्टरला काय विचारण्याचा मला हक्क आहे?

उत्तर : कोणती लस आहे, ती कोणत्या आजारापासून वाचवते, नंतर काय त्रास होऊ शकतो व तेव्हा काय करावे, आणि पुढच्या डोसला केव्हा यायचे, हे तिने न विचारताच सांगायचे असते. न सांगितल्यास अवश्य विचारा. लस घेतल्यावर अर्धा तास तिथेच थांबा आणि कार्ड जपून ठेवा.