गोष्ट मोबाईलवर, पण लेक मांडीवर

ताई, लेकीला मोबाईलवरच्या गोष्टींतून वाचनाची गोडी कशी लावायची, असं तुम्ही विचारलंत. ती साडेतीन वर्षांची आहे ना, मग घाई अजिबात करू नका. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये या वयासाठी पडद्यासमोरचा वेळ दिवसाला जास्तीत जास्त एक तास सांगितला आहे. त्यातली दहा-पंधरा मिनिटं वाचनाला पुरतात.

सुरुवात प्रथम बुक्स या मुलांची पुस्तकं काढणाऱ्या संस्थेच्या स्टोरीवीव्हर या गोष्टींच्या संकेतस्थळापासून करा. ते मोफत आहे, मराठी गोष्टीही भरपूर आहेत. पातळी १ ची गोष्ट २५० शब्दांच्या आत असते, तेच तेच सोपे शब्द पुन्हा येतात. गोष्ट आधीच डाउनलोड करून नेट बंद ठेवा, म्हणजे मधेच दुसरं काही उघडत नाही.

आपोआप वाचून दाखवणारा आवाज मात्र सुरुवातीला नकोच. तुम्ही वाचा, शब्दाखाली बोट फिरवत. तीच गोष्ट तिसऱ्यांदा वाचताना मधेच थांबा आणि विचारा, "आता काय होणार गं?" माझ्या मुलाला एक गोष्ट तोंडपाठ झाली होती. पान बघून तो घडाघडा 'वाचायचा'. हे काही खरं वाचन नव्हे, म्हणून मी त्याला टोकत राहिले. फार चुकलं माझं. वाचनाची पहिली पायरी तीच होती!

अक्षरं तिच्या नावापासून घ्या. जोडाक्षरं, रफार इतक्यात नकोत. गोष्टीत 'मासा' आला, की परातीतल्या कोरड्या पिठात बोटाने 'म' काढू द्या. कंटाळली, तर गोष्ट तिथेच सोडा. उद्या तीच मागेल.