वाचकांचे प्रश्न : हिमालयातली काळी माती आणि बालाघाटावरचा मुरूम

प्रश्न : मे महिन्यात आम्ही चारधाम यात्रेला गेलो होतो. गंगोत्रीच्या वाटेवर देवदाराच्या झाडांखालची माती आपल्याकडच्यासारखीच काळीभोर दिसली. ती आपल्या काळ्या जमिनीच्याच जातीची आहे का? तशी असेल, तर एवढ्या काळ्या जमिनीवर नुसते जंगल का ठेवले आहे?
— एक निवृत्त शिक्षिका, परभणी

उत्तर : आपण पाहिलेली माती आणि परभणीची काळी जमीन यांचे नाते केवळ रंगापुरते आहे. आपली काळी जमीन बेसाल्टची झीज होऊन तयार झाली. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचून हा खडक बनला. त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि लोह भरपूर असते, आणि आपल्याकडचा पाऊस बेताचा असल्यामुळे हे घटक पूर्णपणे धुऊन न जाता त्यांच्यापासून फुगणारी चिकणमाती बनली. म्हणूनच ही जमीन पावसाळ्यात फुगते, लवकर वाफसा देत नाही आणि उन्हाळ्यात तिला हातभर खोल भेगा पडतात. तिच्या रंगावरून ती सेंद्रिय द्रव्याने भरलेली असावी असा समज होतो. प्रत्यक्षात मराठवाड्यातल्या माती परीक्षणाच्या अहवालांत सेंद्रिय कर्बाचा आकडा बहुधा अर्ध्या टक्क्याच्या आसपास घुटमळत असतो. तो थोडासा अंश चिकणमातीच्या सूक्ष्म कणांना घट्ट चिकटून बसतो आणि तेवढ्यानेही जमीन काळी दिसते.

गंगोत्रीच्या परिसरातले खडक ग्रॅनाइट, नाईस आणि शिस्ट या जातींचे आहेत. त्यांत क्वार्ट्झ आणि अभ्रक अधिक, चुना कमी. त्यामुळे त्यांची माती वाळूसर आणि पाणी झटकन खाली सोडणारी होते. तिचा काळेपणा खडकातून नव्हे, तर झाडांच्या पाचोळ्यातून आलेला आहे. सुमारे ३,१०० मीटर उंचीवर वर्षातले कित्येक महिने जमीन बर्फाखाली किंवा गोठणबिंदूच्या आसपास असते, म्हणून पाचोळा कुजवणाऱ्या जिवाणूंचे आणि बुरशींचे काम फार संथ चालते. देवदाराच्या सुया पडत राहतात, कुजणे मागे पडते आणि वर काळा, भुसभुशीत थर साचतो. तो थर बऱ्याच ठिकाणी वीतभरच जाड असतो. त्याखाली तपकिरी माती आणि लगेच दगडगोटे लागतात. बर्फाचे व पावसाचे पाणी झिरपताना उरलासुरला चुनाही घेऊन जाते, त्यामुळे ही माती आम्लधर्मी बनते. आपल्या काळ्या जमिनीचा सामू (पीएच) साधारणपणे ८ च्या आसपास असतो, तर देवदाराखालच्या मातीचा बहुधा ७ च्या खाली राहतो.

पुन्हा त्या बाजूला जाण्याचा योग आला, तर एक साधी परीक्षा करून पाहावी. मूठभर माती पाण्याने भिजवून मळावी आणि अंगठा व तर्जनी यांच्यामध्ये दाबत पुढे सरकवावी. परभणीच्या मातीची लांब, गुळगुळीत फीत निघते आणि हात धुताना ती सहजी सुटत नाही. गंगोत्रीची माती बोटभर फीत होण्याआधीच तुटते, बोटांना वाळू टोचते आणि उन्हात धरल्यास हातावर अभ्रकाचे कण चमकतात. आपल्या मातीतल्या चुनखडीच्या खड्यावर सौम्य आम्लाचा थेंब टाकला की तो फसफसतो. तिथल्या मातीत बहुधा काहीच होत नाही.

आता जंगलाविषयी. हृषीकेश साधारण ३५० मीटरवर आहे आणि तिथून गंगोत्रीपर्यंतचा रस्ता पावणेतीन हजार मीटरांची चढण चढतो. हवा दर हजार मीटरला सरासरी साडेसहा अंश सेल्सिअसने थंड होत जाते, हे लक्षात घेतले तर त्या एकाच रस्त्यावर मातीचे आणि पिकांचे इतके प्रकार का दिसतात याचा उलगडा होतो. उत्तरकाशीच्या आसपास, हजार-बाराशे मीटरवर, नदीकाठच्या गाळाच्या जमिनीत पाणी खेळवून भात लावतात. अशा पाण्याखालच्या जमिनीला गढवाली शेतकरी ‘सेरा’ म्हणतात. वरच्या कोरडवाहू पायऱ्यांना ते ‘उखड’ म्हणतात, आणि तिथे नाचणी, राजगिरा, झंगोरा नावाचे भरडधान्य आणि कुळीथ यांची मिसळ पेरणी होते. उपवासाला आपण खातो त्या राजगिऱ्याची लाल-सोनेरी कणसे शरद ऋतूत या पायऱ्यांवर उभी असतात. मे महिन्यात गेल्यामुळे ती आपल्याला दिसली नसावीत. आणखी वर, सुमारे २,६०० मीटरवर, हर्सिलला दरी रुंद होते. तिथल्या निचऱ्याच्या, किंचित आम्लधर्मी जमिनीत सफरचंद आणि राजमा उत्तम येतो. गंगोत्रीच्या पुढे गोमुखाकडे देवदार संपतो, भोजपत्राची झाडे लागतात आणि मग हिमनदीने आणून टाकलेला दगड-रेतीचा ढिगारा सुरू होतो, ज्याला माती म्हणणेही जरा धाडसाचे ठरेल. वृक्षरेषेच्या वर उतार सौम्य असेल तिथे मात्र जाड गवताळ माती तयार होते. उत्तरकाशीजवळचा दयारा बुग्याल अशाच जमिनीवर आहे आणि त्याचा उपयोग उन्हाळी चराईसाठी होतो.

देवदाराखालची माती नांगराखाली आणली, तर झाडाच्या मुळांनी धरून ठेवलेला वीतभर थर काही पावसाळ्यांत नदीत जाईल. तीव्र उतारावर जंगल ठेवण्याचे हे पहिले कारण. दुसरे कारण प्रवासी सहसा पाहत नाहीत. खालच्या पायऱ्यांवरची शेती या जंगलाच्या जिवावर चालते. गावातल्या बाया बांज, म्हणजे ओकच्या जातीच्या झाडांचा पाला गोळा करून गोठ्यात जनावरांखाली अंथरतात, शेणा-मुतात भिजून त्याचे खत होते आणि ते शेतात पडते. वाळूसर मातीत अन्नद्रव्ये टिकत नाहीत, म्हणून हा पुरवठा दरवर्षी लागतो. एकरभर शेतीमागे त्याच्या कितीतरी पट जंगल उभे असावे लागते. तेव्हा ते जंगल ‘नुसते’ नाही.

प्रश्न : आमची जमीन बालाघाटाच्या माथ्यावर आहे. वर वीतभर लालसर माती आणि खाली मुरूम, तर पायथ्याच्या भावकीच्या शेतात काळी कसदार जमीन. डोंगर एकच असून असे का? कोणी तलावाचा गाळ टाकायला सांगतात, कोणी सफरचंद लावायला सांगतात. काय करावे?
— एक शेतकरी, ता. पाटोदा, जि. बीड

उत्तर : खडक एकच आहे, पण पाणी दोन्ही ठिकाणी सारखे वागत नाही. माथ्यावर पडलेला पाऊस बारीक कण आणि विरघळलेला चुना घेऊन उताराने खाली जातो. मागे मुरूम आणि भरड माती उरते. तिथे निचरा चांगला असल्याने लोहाला हवा लागते व मातीला तांबूस रंग येतो. पायथ्याशी पाणी रेंगाळते, चिकण कण आणि चुना तिथे साचतात आणि भारी काळी जमीन बनते. आपल्या भावकीच्या शेतातली माती, थोडे स्पष्ट बोलायचे तर, बऱ्याच अंशी आपल्याच माथ्यावरून गेलेली आहे.

जमिनीची वर्गवारी करण्याची आठ वर्गांची एक पद्धत अमेरिकेत तयार झाली आणि ती भारतातही वापरली जाते. पहिले चार वर्ग पिकांसाठी, पुढचे चार गवत, झाडे आणि वनांसाठी. हे वर्ग केवळ सुपीकतेवर ठरत नाहीत. मातीची खोली, उतार, दगडांचे प्रमाण आणि निचरा यांवर ठरतात. वीतभर मातीची उताराची जमीन पुढच्या चारांतच बसते, आणि तिच्यावर दरवर्षी सोयाबीन पेरणे म्हणजे उरलेली मातीही खाली पाठवणे आहे. अशा जमिनीला सीताफळ मानवते, कारण त्याची मुळे मुरमाच्या फटींतून वाट काढतात आणि उन्हाळ्यात पाने गाळून ते झाड तग धरते. बीडच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ते बालाघाटाच्या अशाच माळरानांमुळे. बोर आणि आवळा हेही पर्याय आहेत. अगदी वरच्या, उघड्या खडकाच्या पट्ट्यात गवत राखून शेळ्यांना कापून घालणे अधिक किफायतशीर ठरते.

गाळाविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण २०१७ मध्ये ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना सुरू झाल्यापासून हा प्रश्न वारंवार येतो. मुरमाड जमिनीला गाळाने निश्चित फायदा होतो, कारण पाणी धरून ठेवणारे जे बारीक कण तिने गमावले तेच गाळात असतात. परंतु आधी समतल रेषेवर चर आणि बांध, मग गाळ, हा क्रम उलटा करू नये. बांधबंदिस्ती न करता उतारावर पसरलेला गाळ दोन मोठ्या पावसांत पुन्हा तलावाकडे निघतो आणि ट्रॅक्टरचे भाडे तेवढे आपल्या अंगावर राहते. सगळ्या रानात पातळ थर देण्याऐवजी फळझाडांच्या खड्ड्यांत गाळ, शेणखत आणि निघालेला मुरूम मिसळून भरणे कमी खर्चाचे आणि जास्त टिकाऊ आहे. गाळ आणण्यापूर्वी त्याची क्षारता आणि सामू तपासून घ्यावा. चोपण, म्हणजे क्षारांनी बिघडलेला, गाळ एकदा शेतात पडला की काढता येत नाही.

सफरचंदाचा नाद सोडावा, असे माझे मत आहे. हिमाचलातल्या प्रचलित डेलिशस जातींना हिवाळ्यात साधारण १,००० ते १,५०० तास ७ अंशांखालची थंडी लागते. ती बालाघाटाच्या सहाशे-सातशे मीटर उंचीवर मिळत नाही. कमी थंडीत फळणाऱ्या जाती उपलब्ध आहेत आणि महाराष्ट्रात काहींनी त्या लावल्याही आहेत, पण झाडाला फळ लागणे वेगळे आणि बागेने घर चालवणे वेगळे. शिवाय खालच्या थरात चुनखडी असेल तर झाडाला लोह मिळत नाही आणि पाने पिवळी पडतात. पाने अशी पिवळी पडण्याला ‘केवडा’ म्हणतात, आणि जालन्याच्या मोसंबीवाल्यांना तो चांगला ठाऊक आहे. झाडाची हौसच असेल, तर बांधावर दोन रोपे लावून पाहावीत.

प्रश्न : पर्वतातली माती आम्लधर्मी असते असे वाचले, मग काश्मीरच्या केशराची आणि लडाखची माती कशी असते?
— स्पर्धा परीक्षेचा विद्यार्थी, लातूर

उत्तर : ते विधान पावसाच्या व जंगलाच्या पट्ट्यापुरते खरे आहे. पांपोरचे केशर ज्या ‘करेवा’ पठारांवर पिकते, ती जुन्या सरोवरातला गाळ आणि त्यावर वाऱ्याने आणलेली बारीक माती यांनी बनली आहेत. त्या मातीत चुना असतो आणि निचरा चांगला होतो, म्हणून केशराचा कंद कुजत नाही. लडाख हिमालयाच्या पर्जन्यछायेत असल्याने लेहला वर्षाकाठी जेमतेम १०० मिलिमीटरच्या आसपास पाणी पडते. चुना आणि क्षार धुऊन न्यायला पाणीच नाही, त्यामुळे तिथली रेताड, दगडाळ माती विम्लधर्मी राहते. शेती होते ती वितळलेल्या बर्फाचे पाणी पाटांनी आणता येते अशा पंख्याच्या आकाराच्या गाळपट्ट्यांवरच. तिथे सातू आणि जर्दाळू घेतात. लडाखमधल्याच चांगथांगच्या पठारावर विरळ गवतावर पश्मिना शेळ्या चरतात. परीक्षेत असा प्रश्न आला, तर केवळ उंचीचे पट्टे न लिहिता पाऊस आणि मूळ खडक यांचाही उल्लेख करावा.